कोरडी पाठ

१

नऊचा भोंगा झाला की धुळाप्पा तापखोलीच्या दाराशी येऊन उभा राहायचा. उभाच. स्टूल दिलेलं होतं, पण बसलेला राखणदार म्हणजे निम्मा झोपलेला राखणदार, असं त्याचं मत होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. डाव्या हाताला लोखंडी दार, उजव्या हाताला भिंतीतून निघालेला लाल दांडा, नाकासमोर उष्णतेचा काटा. सात वर्षं तो एवढंच बघत आला होता.

ढोकीच्या रस्त्याला शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा तो कारखाना. विहिरीवरच्या मोटारी बनवायचा. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी पाताळात गेल्या, पाणी ओढता ओढता मोटारी जळायला लागल्या. तेव्हा कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं, की शेतकऱ्याच्या विहिरीवर जळणारी मोटार आधी आपल्याच घरात तापवून बघावी. त्यासाठी ही खोली. दहा फूट बाय बारा फूट, दुहेरी पत्र्याची, पत्र्यांच्या मधे काचेचा कापूस ठासलेला. आत विजेच्या शेगड्या. मोटार आत ठेवायची, सुरू करायची, खोली एकशेवीस अंशांपर्यंत तापवायची आणि दाराच्या वीतभर काचेतून बघत बसायचं, मरते का जगते.

आता तापलेली मोटार काही मुकाट्यानं मरत नाही. तिच्या तारांवरचं रोगण पेट घेतं. शेजारच्याच शेडमधे चाळीस बाया तारा गुंडाळत बसलेल्या, रोगणाचे डबे त्यांच्या पाठीशी. म्हणून तो लाल दांडा. दांडा ओढला की मागच्या दोन उंच टाक्यांतला गॅस खोलीत सुटतो आणि आगीचा गळा आवळतो. माणसाचाही आवळतो. आगीला दोन मिनिटं लागतात, माणसाला तेवढीही लागत नाहीत.

टाक्या बसवायला आलेल्या माणसानं जाताना धुळाप्पाला बजावलं होतं, "आत माणसं असली की नजर काट्यावर, हात दांड्यावर. काही झालं तरी मागं बघायचं नाही. सगळे बाहेर आले, मोजले, दार लागलं, मग ओढायचं. एक माणूस कमी भरला तर कारखाना जळू दे, दांडा ओढायचा नाही."

मोजायला पितळी बिल्ले दिले होते. आत जाताना खिळ्याला अडकवायचा, बाहेर आल्यावर काढायचा. धुळाप्पानं ते बिल्ले पहिल्याच आठवड्यात पेटीत टाकले. "बिल्ल्याला काय कळतंय? बिल्ला खिळ्याला आन् माणूस सरणाला." त्याची मोजायची रीत वेगळी होती. बहात्तरच्या आधी त्याच्याकडं शंभरावर मेंढरं होती. सांजेला मेंढरं जाळीच्या वाड्यात कोंडताना तो तोंडाशी उभा राहायचा, हात आडवा धरायचा आणि हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक पाठीवर तळवा टेकवायचा. डोळे लांडग्याच्या वाटेकडं, मोजणी तळव्याला. कधी चुकली नाही. दुष्काळानं मेंढरं नेली, तळवा राहिला. तीच रीत त्यानं इथं लावली. डोळे काट्यावर, उजवा हात दांड्यावर, आणि डाव्या तळव्याखालून माणसं.

आत जाणारे तिघंच. पुढं ज्ञानोबा, तो फोरमन, आयटीआय शिकलेला, पाठ खाटेच्या माच्यासारखी हाडं मोजून घ्यावीत अशी. मग महांतप्पा, वायरमन, पाठ म्हणजे कणकेचा गोळा. शेवटी बिराप्पा. हा धुळाप्पाच्या बहिणीचा मुलगा आणि त्याचा जावईही. वाशीकडचं त्याचं गाव. तिथली मेंढरं खपली तेव्हा धुळाप्पानंच त्याला आणून इथं चिकटवला होता, आणि चिकटवला त्या दिवशी लेक, बानूबाई, चुलीपुढून न उठता म्हणाली होती, "आबा, तुमी नेताय, तुमीच रोज माघारी आणायचं."

रोज आणत होता. घाम गाळत तिसरी पाठ हाताखालून गेली, की धुळाप्पाचा दिवस झाला.

२

वैशाखातला मंगळवार. सकाळची चाचणी संपली, काटा उतरत उतरत साठावर आला, तिघं आत गेले. साठ म्हणजेही काही थोडं नव्हे. मिनिटभरात माणूस नाहून निघतो. आत तारा सोडवण्याची खडखड, महांतप्पाचा खोकला, बिराप्पाची शीळ. मग बाहेर.

हाडांची पाठ, चिंब. कणकेची पाठ, चिंब. तिसरी बिराप्पाची, सदरा पाठीला चिकटलेला.

धुळाप्पा हात खाली घेणार, तोच तळव्याखालून आणखी एक पाठ गेली.

कोरडी. उन्हात वाळत घातलेल्या घोंगडीसारखी कोरडी. ना गरम ना गार. तिनं धक्का दिला नाही, घाई केली नाही. सवयीच्या मेंढरासारखी हाताखालून सरकली आणि गेली.

त्यानं मागं पाहिलं नाही. नियमच तसा होता. ज्ञानोबानं दार लावलं, कडी पडली, तेव्हा त्यानं मान वळवली. रांजणापाशी तिघं. ज्ञानोबा चष्मा पुसत होता, महांतप्पा पोट खाजवत होता, बिराप्पा डोक्यावर पाणी ओतून घेत होता.

अशा वेळी शिकल्यासवरल्या माणसानं आरडाओरडा केला असता. धुळाप्पा धनगर. परक्या कळपातलं चुकार मेंढरू आपल्यात घुसलं तर धनगर त्याला हाकलत नाही, कुणाचं म्हणून विचारत नाही. आधी पाणी दाखवतो, राहू देतो. धनी येईल तेव्हा येईल. चाळीस वर्षांची खोड. त्याच्या तोंडून आपसूक निघालं, पुटपुटल्यासारखं, "ऱ्हा बाबा."

आणि पाणी भरणाऱ्या शिवकांताला तो म्हणाला, "चार गिलास भर गं."

"चार? तिघंच हायती की काका. का तुमाला बी तहान लागली?"

"भर म्हनलं की भर. लई बोलतीस."

चौथा पेला रांजणाच्या कडेवर तसाच राहिला. दुपारच्या सुट्टीनंतर बघितलं तर ठणठणीत कोरडा. वैशाखात पेलाभर पाणी आटायला किती वेळ लागतो? लागत नाही, असं धुळाप्पानं स्वतःला सांगितलं. दोनदा सांगितलं.

३

बुधवारी पुन्हा चार. गुरुवारी सकाळी तीन, दुपारी चार.

त्यानं आपल्या हातावर शंका घेतली. म्हातारपण येतं ते आधी डोळ्यांत येतं, मग गुडघ्यात; तळव्यात का येऊ नये? घरी गेल्यावर त्यानं बानूबाईच्या चार कोंबड्या खुराड्यात जाताना हाताखालून मोजल्या. चारच भरल्या. पुन्हा बाहेर काढून मोजल्या.

"आबा, कोंबड्या चोरीला गेल्यात का?" बानूबाईनं विचारलं.

"गप. काम कर तुझं."

बिराप्पा ओट्यावर हसत बसला होता. "मामा कारखान्यात आमच्या पाठी थोपटत्यात, घरी कोंबड्यांच्या. उद्या तुझी बी थोपटतील, बाने."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत धुळाप्पानं ज्ञानोबाला गाठलं. डबा उघडून बसलेल्या माणसाला गाठावं म्हणजे तो पळत नाही.

"ज्ञानबा, आत कितीजण जाता रं?"

"ही काय विचारायची गोष्ट झाली का काका? तिघं."

"मग भायेर चार का येतात?"

ज्ञानोबानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. म्हाताऱ्याची थट्टा करावी का काळजी, हे त्याचं ठरेना. "काका, भुतंखेतं असलं काय सांगणार असाल तर आमच्या घरानं ते छप्पन सालीच सोडलं. माझ्या बापानं देव्हारा उचलून नदीत नेऊन टाकला, तवाच भुतं बी गेली."

"म्या भूत म्हनलो का? म्या पाठ म्हनलो."

"कुणीतरी दोनदा जात असंल हाताखालून. महांतप्पा पक्कड विसरतो, परत फिरतो."

"महांतप्पाची पाठ मला कळत न्हाय व्हय? आन् ही पाठ कोरडी हाय. साठाच्या खोलीतनं माणूस कोरडा येतंय का, सांग तूच. तू शिकलेला."

शिकलेल्या माणसानं भाकरीचा तुकडा परत डब्यात टाकला. डबा झाकून म्हणाला, "सोमवारपासनं बिल्ले काढू काका. तुमच्या हाताचा भरवसा तुमालाच न्हाय, मग मला कुठला?"

हे धुळाप्पाला झोंबलं. पण त्या रात्री पहिल्यांदा त्याला वाटलं, बिल्ले बरे. बिल्ला तीन म्हटला की तीन.

४

शनिवार सकाळ. काटा साठावर. तिघं आत.

हाडांची पाठ, चिंब. मग बिराप्पाची. आज महांतप्पा मागं राहिलेला दिसतो, म्हणून बिराप्पा दुसरा. तीही चिंब. मग तिसरी.

कोरडी.

आणि ज्ञानोबा दाराला हात घालत म्हणाला, "तीन झाले ना काका? लावू दार?"

"तीन," असं धुळाप्पाचं तोंड म्हणालं. सात वर्षांत तोंडाला वेगळं काही म्हणायची सवय नव्हती. दार फिरलं. तेवढ्यात आतून महांतप्पा ओरडला, "आरं ए, मला भाजून खाताय का काय!" आणि कणकेचा गोळा फटीतून अंग चोरत बाहेर पडला.

ज्ञानोबा हसला. महांतप्पाही शिव्या देत हसला. बिराप्पा म्हणाला, "मामा, तुमची मोजणी म्हंजे तलाठ्याची मोजणी झाली."

धुळाप्पानं मात्र दांड्यावरचा हात काढला नाही. इतके दिवस ते शेवटी येत होतं, वरकड म्हणून. हिशेबाबाहेर. आज ते मधे घुसलं होतं. माणसाच्या जागी मोजून घेतलं होतं त्यानं स्वतःला. म्हणजे तीन भरले की तिघंच बाहेर आले, असं आता म्हणता येणार नव्हतं. आणि शेवटी बाहेर येणारा एरवी बिराप्पाच.

त्यानं बिराप्पाला टाक्यांच्या मागं ओढलं. "आज दुपारी आत जाऊ नगंस."

"का?"

"म्या सांगतो म्हणून."

"रजा मांडू का? कारण काय लिहू, मामाला पाठी जास्त लागल्या?"

"बिराप्पा, पाया पडतो."

मामानं भाच्याच्या पाया पडायची भाषा करावी हे बिराप्पानं कधी ऐकलं नव्हतं. तो क्षणभर गंभीर झाला. मग त्यानं धुळाप्पाचा हात धरून आपल्या पाठीवर ठेवला. सदरा ओलागच्च, आतून काळजाचे ठोके. "ही माझी. ध्यानात ठेवा. ओली असली की मी. मग तर झालं?"

एवढं बोलून तो कामाला गेला. तरण्या माणसाला म्हाताऱ्याची भीती दिसते, भीतीचं कारण दिसत नाही.

५

दुपारी तीनला तिघं आत गेले. मोटार जागेवर बसवून, जोडून, आत उभं राहूनच एकदा सुरू करून बघायची होती. ती सुरू झाल्याची घरघर धुळाप्पानं ऐकली. मग फट् असा आवाज, ओली चिंच विस्तवात पडावी तसा. काटा साठावरून उड्या मारत वर निघाला. ऐंशी. शंभर.

दारातून काळा धूर लोटला आणि धुरात माणसं.

हाडांची पाठ. चिंब.

कणकेचा गोळा. चिंब.

धूर डोळ्यांत, नाकात. काटा दिसेना. शेडमधल्या बाया किंचाळत बाहेर पळत होत्या, शिवकांता "डबे, रोगणाचे डबे!" असं ओरडत होती. तळव्याखालून तिसरी पाठ सरकली, सावकाश, जणू आग दुसऱ्या गावाला लागलीय.

कोरडी.

"झाले का तीन?" ज्ञानोबा खोकत ओरडला. "काका, ओढा!"

धुळाप्पाचा हात दांड्यावर होता. ओढायला काही ताकद लागत नव्हती. पोर ओढेल.

"काका, शेड पेटंल! ओढा!"

"बिराप्पा आत हाय."

"आवो तो काय! तो काय उभा हाय, रांजणापाशी!"

नियम मोडून धुळाप्पानं मान वळवली. धुराच्या पडद्यामागं रांजणापाशी एक माणूस उभा होता. बिराप्पाच्या उंचीचा. बिराप्पाचाच निळा सदरा. पाठ इकडं, तोंड भिंतीकडं. सगळे पळत होते, खोकत होते, वाकत होते. तो सरळ उभा होता. पाणी पीत नव्हता. भिंत बघत होता.

"बिराप्पा!" धुळाप्पानं हाक मारली.

त्या माणसानं मान वळवायला सुरुवात केली. फार सावकाश. धुळाप्पानं पुढचं पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही, हे खरं.

त्यानं ज्ञानोबाचा पंजा धरून दांड्यावर दाबला. "म्या येईस्तोवर ओढलास तर तुला तुझ्या आईची आण हाय." रांजणात गोणपाट बुडवलं, तेही डोळे मिटून. डोक्यावर घेतलं आणि आत शिरला.

आत उजेड होता तो फक्त मोटारीतून निघणारा, तांबडा. हवा अशी की श्वास घेतला की छातीत डाग दिल्यासारखं. तो रांगत निघाला. डावा तळवा पुढं, जमिनीलगत. शेगडीची जाळी लागली, हात पोळला. तार लागली. मग कापड. मग पाठ.

ओली. घामानं निथळणारी, धापणारी. "बिराप्पा," तो म्हणाला, आणि त्या अंगानं हुंकार दिला. काखेत हात घालून त्यानं ओढायला सुरुवात केली.

उंबऱ्यापाशी, जिथं धूर सगळ्यात दाट होता, गोणपाट पायात आलं. तो पडला. हात सुटला. चाचपडला, एकदा, दोनदा, मग पुन्हा काखा सापडल्या, आणि पुन्हा जीव खाऊन ओढलं. आता वजन हलकं लागलं. बाहेरून कुणीतरी ओढू लागलं असेल, असं वाटलं. बाहेर आल्यावर दहा हात पुढं आले. दार आदळलं. ज्ञानोबानं दांडा ओढला. टाक्या फुसफुसत गरजल्या, आणि खोली मुकी झाली.

६

आवारातल्या चिंचेखाली आणून टाकल्यावर बिराप्पानं डोळे उघडले. चेहरा काजळानं माखलेला, भुवया जळलेल्या. पण बिराप्पाच. "मामा," तो म्हणाला.

बायांनी सुस्कारा सोडला. महांतप्पा तर रडलाच. "काकानं वाचवला रं! म्या तर समजलो हा आधीच भायेर आलाय. रांजणापाशी बघितला की म्या!"

"मी बी बघितला," शिवकांता म्हणाली.

"धुरात काय बी दिसतंय," ज्ञानोबा म्हणाला. पण बोलताना तो रांजणाकडं बघत नव्हता.

धुळाप्पानं जावयाला बसतं करायला पाठीमागं हात घातला.

कोरडी होती.

सदऱ्याला एक ओला ठिपका नाही. तळव्याला ती ओळख पटायला क्षणही लागला नाही. वाळलेली घोंगडी. ना गरम ना गार. आत ठोके लागतात का म्हणून त्यानं हात दाबून धरला. लागले. लागल्यासारखे वाटले. एवढ्या आरडाओरड्यात आपल्याच हाताचे ठोके असतील, तर तेही तसेच लागतात.

बिराप्पा त्याच्याकडं बघत होता. शांत. जणू हा हात कधी निघतो याची वाट बघत होता.

तेवढ्यात तापखोलीतून आवाज आला. ठण्.

धुळाप्पा उठला तो धावतच दाराशी गेला. कडीला हात घातला, तोवर महांतप्पानं आणि ज्ञानोबानं त्याला मागून कवळ्यात धरलं.

"दार उघडा! आत माणूस हाय!"

"काका, गॅस भरलाय! अर्धा तास उघडायचं न्हाय, तुमीच सांगता समद्यांना. आपलेच दोघं मरतील."

"आवाज ऐकू येईना का तुमाला?"

"पत्रा गार होतोय. पत्रा वाजतो गार होताना."

ते खरं होतं. सात वर्षं रोज तो पत्रा गार होताना वाजत आला होता. पण तो वाजायचा छताला, कोपऱ्याला. आता पुन्हा ठण् झालं ते दाराला, खालच्या अंगाला, जमिनीपासून हातभर उंचीवर. पडलेला माणूस हात मारील तिथं.

मग एकदा आणखी. हलकंसं.

मग काही नाही.

अर्ध्या तासानं दार उघडलं. आत कोळसा झालेली मोटार. शेगड्या. काजळी. माणूस नव्हता, माणसाचं काही नव्हतं. फक्त दाराच्या आतल्या अंगाला, काजळीनं काळ्या झालेल्या फरशीवर, पाच साडेपाच फूट लांबीचा ओला डाग. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता.

"गॅस गार असतो," ज्ञानोबा म्हणाला. "दहिवर पडतं त्याचं. पाणी होतं."

"मग समद्या फरशीवर का न्हाय झालं?"

ज्ञानोबानं बादलीतली वाळू घेतली आणि डागावर ओतली. वाळू ओली होऊन काळी पडली. त्यानं आणखी एक बादली ओतली.

७

दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, उष्णतेनं घामाचं काम बंद पडतं, असं होतं, महिनाभरात सुरू होईल. डॉक्टर शिकलेला. धुळाप्पानं ते धरून ठेवायचा फार प्रयत्न केला. रात्री खाटेवर पडला की तो स्वतःला समजवायचा: चेहरा त्याचाच, आवाज त्याचाच. कारखान्यातल्या बायांना नावं घेऊन ओळखतो. उंबऱ्याशी हात सुटला, पण दोन हातांच्या अंतरात असं काय होणार? एकच माणूस होता तिथं. मग लगेच तळवा बोलायचा. तळव्याला वाद घालता येत नाही, तो एवढंच म्हणायचा, सुटलं ते ओलं होतं, धरलं ते कोरडं.

आठ दिवस बिराप्पा घरी होता. दिवसभर ओट्यावर बसायचा. ऊन अंगावर आलं तरी सरकायचा नाही. पूर्वीसारखी थट्टा नव्हती, पण वाकडंही काही नव्हतं. विचारलं तर "व्हय", "न्हाय". धुळाप्पाच्या पुढ्यात तो कधी पाठ करून बसायचा नाही.

नवव्या दिवशी म्हणाला, "मामा, आता कारखाना नको. आमी गावाकडं जातो. वाशीला."

"गावाकडं काय हाय आता? मेंढरं न्हाईत, पाणी न्हाई."

"ऱ्हाऊ कसं बी."

बानूबाई बोचकं बांधू लागली. धुळाप्पा चुलीपाशी जाऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. "जाऊ नगंस, बानू."

"का?"

"त्याला घाम येत न्हाय."

"बरंच हाय की. धुणं कमी." ती हसली, मग बापाचं तोंड बघून थांबली. "काय झालंय आबा तुमाला? घरात कुणी मेल्यासारखं बघताय त्यांच्याकडं. लोकं म्हणतात, बापानं लेकीचं कुंकू आगीतनं काढून आणलं. तुमीच काढलं ना ह्यांना?"

काय सांगणार? की मी हात सोडला? की तुझा नवरा बहुतेक दाराच्या आतल्या अंगाला हात मारत होता आणि मी बाहेर उभा होतो? हे लेकीला सांगायचं तर आधी स्वतःला सांगावं लागतं. तेवढी छाती त्याच्यात नव्हती.

"व्हय," तो म्हणाला. "म्याच काढलं."

"मग झालं तर."

एकच्या गाडीला जायचं म्हणून दोघं भर दुपारी निघाली. बानूबाई पुढं, डोक्यावर बोचकं. तो मागं, मोकळे हात. धुळाप्पा दारात उभा होता. फाट्यापर्यंतची वाट तिथून सगळी दिसायची, उघडी, भाजलेली. निम्म्या वाटेवर एक बाभूळ. बानूबाई तिच्या सावलीत थांबली. चोळी पाठीला चिकटलेली इथूनही दिसत होती. तिनं बोचकं उतरवलं आणि पदरानं मान पुसू लागली.

तो सावलीत गेला नाही. उन्हातच उभा राहिला. मग त्यानं हात लांब केला आणि तिच्या पाठीवर ठेवला, चल म्हणताना ठेवतात तसा.

बानूबाईचा पदर मानेशीच थांबला.

मग तिनं पदर खाली सोडला. बोचकं उचललं, सावलीतून बाहेर आली, आणि दोघं उन्हातून चालायला लागली. धुळाप्पा घसा फाटेस्तोवर हाका मारत राहिला. फाट्यावर झाड नव्हतं, छप्पर नव्हतं. गाडी अर्धा तास उशिरा आली. तेवढा वेळ दोघं उघड्यावर, सरळ, एकमेकांशेजारी उभी होती, आणि बानूबाईनं एकदाही तोंड पुसलं नाही.